मरजान ओताऱ्याचा पेला

फळीवर दोन गाभे वाळत ठेवले होते. एक लांब, एक आखूड. दोन्ही बारीक वाळूचे, खजुराच्या पाकात मळलेले, धगीवर भाजून तांबूस झालेले. लांब गाभा साच्यात बसवला तर काशाचा ओतलेला पेला आतून खोल निघणार होता आणि त्याच्या तळाशी जेमतेम घोटभर काशाची कॉफी दिसणार होती. आखूड गाभा बसवला तर पेला काठोकाठ भरलेला निघणार होता. मरजान ओताऱ्याने दोन्ही गाभे स्वतःच्या हाताने केले होते, आणि गेले तीन दिवस तो त्या फळीकडे पाठ करून काम करत होता.

बाकीचे सगळे झाले होते. पुलाच्या तोंडाशी गोल चबुतऱ्यावर, ताडपत्रीखाली, काशाचे दोन शेख समोरासमोर बसले होते. या काठच्या सुवैरांचा शेख मन्शद आणि त्या काठच्या दुहैमांचा शेख थामिर. बगदादहून आलेल्या शिल्पकाराने ते मातीत घडवले आणि मरजानने सात महिने खपून ते तुकड्यातुकड्यांनी ओतले. मोटरबोटींचे मोडके पंखे, नळांच्या तोट्या, पंपांची झिजलेली बेअरिंगे, गावातल्या बायकांनी आणून टाकलेले खलबत्ते, सगळे त्या दोघांच्या अंगात गेले होते. दोघांच्या मधे जमिनीवर कॉफीचा एक पेला हवा होता. बिनकानाचा, मुठीत मावणारा. तेवढाच राहिला होता.

“पेला तूच कर, अम्मो,” शिल्पकार जाताना, सगळ्यांसारखेच त्याला काका म्हणत, म्हणाला होता. “कॉफीची भांडी ओतण्यात तुझा जन्म गेला.”

“किती भरलेला?”

“रिकामा ठेव की. पाऊस पडला तर चिमण्या पाणी पितील.”

शहरातला माणूस. या नदीच्या दोन्ही काठांवर त्या एका प्रश्नावरून लोक भरल्या ताटावरून उठतात, हे त्याला कोण सांगणार?

त्रेपन्न वर्षांपूर्वी पाण्याच्या पाळीवरून भांडण झाले आणि दुहैमांच्या हातून शेख मन्शदचा थोरला मुलगा राकान मारला गेला. पुढे दोन वर्षे नदी कोणी ओलांडली नाही. या काठची गाय त्या काठाला गेली तर ती कापली जायची. मग एके दिवशी दुहैमांचा शेख थामिर स्वतः नावेत बसून आला. बरोबर तीन माणसे, एकाच्याही कमरेला हत्यार नाही. मन्शदच्या मुदीफमध्ये, बोरूच्या कमानींच्या त्या लांबलचक पाहुणेघरात, तो येऊन बसला आणि त्याने खून माफ करा म्हणून मागणे घातले.

इथपर्यंत दोन्ही काठ एकच गोष्ट सांगतात. पुढे फाटा फुटतो.

दुहैम सांगतात, थामिरच्या हातात पेला दिला तो काठोकाठ भरून. पाहुण्याला कॉफी द्यायची ती तळ झाकेल एवढीच, पुन्हा पुन्हा. भरलेला पेला म्हणजे पी आणि चालता हो. एवढा अपमान गिळून आमचा शेख उठला नाही. त्याने पेला न पिता खाली ठेवला, म्हणजे मागणे पुरे होईपर्यंत तुझ्या घरचा घोट घेणार नाही. मन्शदला स्वतःची लाज वाटली आणि त्याने मुलाचे रक्त सोडले.

सुवैर म्हणतात, सगळी बनवाबनवी. पेला रीतीप्रमाणेच दिला होता. आमच्या शेखचे मन मोठे, म्हणून त्याने माफ केले.

तो पेला भरला होता मरजानने. तेव्हा तो वीस वर्षांचा, शेख मन्शदच्या चुलीवरचा कॉफीवाला. त्याच्या आजाला समुद्रापलीकडून विकत आणले होते, त्यामुळे त्याच्या जिवाची किंमत गावात सगळ्यांना ठाऊक होती, म्हणजे कोणालाच ती विचारावी लागत नव्हती. त्या दिवशी मुदीफमध्ये बसलेल्यांपैकी आज तो एकटाच जिवंत होता. आणि त्याने आजवर कोणत्याच काठाला काही सांगितले नव्हते.

नगरप्रमुखाने हात झटकले होते. “गुरुवारी उद्घाटन. बगदादहून पाहुणे येतायत. पेल्याचं तुमचं तुम्ही ठरवा, पण ठरवा.” शेवटी दोन्ही काठांच्या म्हाताऱ्यांनी ठरवले की ज्याने पेला भरला तोच सांगेल, तोच ओतेल, आणि दोन्हीकडचा एकेक माणूस समोर बसून पाहील.

म्हणून मंगळवारी सकाळी त्याच्या कारखान्यात, दोन उपड्या खोक्यांवर, दोन माणसे बसली होती.

सुवैरांकडून शल्लाल आला होता, शेख मन्शदचा नातू. पंचेचाळिशीचा, रुंद मनगटांचा, कमरेला पिस्तूल. दुहैमांकडून गदबान, थामिरचा नातू. हा सडपातळ, बोलका, आणि दाढीला मेंदी. बाहेर अंगणात दोन्हीकडची पाच-पाच माणसे, मधे सोडलेली मोकळी जागा कोणी न सांगता सोडलेली.

मरजानची बायको जुम्मार चहा घेऊन आली. तिने दोन्ही पेल्यांमध्ये साखर सारखी घातली होती आणि तसे तिने सांगितलेही. “तीन-तीन चमचे, मोजून. नाहीतर उद्या साखरेचा पुतळा उभा करावा लागेल.”

गदबान हसला आणि त्याने तिला तिच्या मुलाच्या नावाने हाक मारली. “उम्म सब्री, तू आमच्या काठाला असतीस तर तुला शेख केलं असतं.”

“तुमच्या काठाला डास फार,” ती म्हणाली, आणि वळताना नवऱ्याच्या कानाशी, “आता बोलून टाक. कसं बोलायचं याचा सराव करत करत दात पडले तुझे.”

ते खरे होते. जुम्मारला एवढेच ठाऊक होते की त्या दिवशी नवऱ्याच्या हातून काहीतरी चुकले आणि दुसऱ्या दिवसापासून त्याची चूल सुटली. शेख मन्शदने त्याला स्वतः तांबटगल्लीत आणून सोडले होते. उस्तादाला म्हणाला होता, याला काम शिकव आणि पुन्हा माझ्या चुलीपाशी पाठवू नकोस. तेव्हापासून मरजान कॉफीदाण्यांच्या चोची, झाकणे, बुडे ओतत आला. लोक म्हणायचे, मरजानच्या कॉफीदाणीची धार केसासारखी पडते. त्याला ते ऐकायला आवडत नसे.

काय झाले होते ते एवढेच होते. तो पाहुण्यापुढे वाकला, उजव्या हातात पेला, डाव्या हातात कॉफीदाणी. शेख मन्शदच्या मागे त्याचा धाकटा मुलगा फद्दाल बसला होता. फद्दालच्या मांडीवर झग्याची घडी होती, आणि त्या घडीतून बंदुकीची नळी बोटभर बाहेर आली होती. ती थामिरच्या छातीवर रोखलेली होती. फद्दालचा अंगठा बंदुकीचा घोडा मागे ओढत होता. मुदीफमध्ये, घरच्या चुलीसमोर, हत्यार घरी ठेवून आलेल्या पाहुण्यावर. मरजानने नळीकडे पाहिले आणि त्याचे डोळे तिथून निघेनात. हात मात्र ओतत राहिला. कढत कॉफी अंगठ्यावरून वाहिली तेव्हा त्याने खाली पाहिले. पेला भरला होता.

थामिरने तो भरलेला पेला घेतला. शेख मन्शदने पेल्याकडे पाहिले, मग मरजानच्या तोंडाकडे, मग त्याची नजर जिथे अडकली होती त्या बाजूला कान दिल्यासारखा तो क्षणभर बसला. त्याने मान वळवली नाही. मोठ्याने म्हणाला, “पेला मी भरायला सांगितला होता.” पाठीमागे कापडाची सळसळ झाली आणि नळी आत गेली. थामिरने पेला खाली ठेवला. आणि मन्शद म्हणाला, “घे. पी. राकानचं रक्त सोडलं.”

तो पेला शेखने कोणासाठी अंगावर घेतला? मरजानला हे कधी कळले नाही. आपल्या मुलाने पाहुण्याला मारू नये म्हणून? कॉफीवाल्याचा गळा चिरला जाऊ नये म्हणून? की दोन वर्षे तो स्वतःच एखाद्या निमित्ताची वाट पाहत होता? पण एक गोष्ट मरजानला नेहमीच कळत होती. भरलेल्या पेल्याची लाज धुता येते. पाहुण्यावर रोखलेल्या बंदुकीची नाही. ती गोष्ट बाहेर पडली तर तह मुळातच खोटा ठरला असता, आणि पुलावरून सध्या दोन्हीकडची लग्नाची वऱ्हाडे जात होती.

फद्दालला मरून नऊ वर्षे झाली होती. शल्लाल हा त्याचा मुलगा.

भट्टी घोंघावत होती. मुशीतल्या काशाच्या कडेने हिरवट ज्वाळा फिरू लागली होती. मरजानने लांब पळीने वरची मळी काढली.

“काय, अम्मो?” गदबान म्हणाला. “कुठला गाभा? सुवैरांचं मन मोठं तर पेलाही मोठाच असेल की.”

“जिभेला जरा लगाम घाल,” शल्लाल म्हणाला. तो सकाळपासून पहिल्यांदाच बोलला.

“मी पाहुणा आहे, बाबा. मला एवढं बोलायची मुभा असते.”

“तू माझा पाहुणा नाहीस. मरजानचा आहेस.”

मरजानने पळी ठेवली. सराव केलेली सगळी वाक्ये कुठे तरी गळून गेली होती. “पेला भरलेला होता,” तो म्हणाला.

गदबानने मांडीवर थाप मारली. अंगणातल्या पाच जणांकडे वळून तो ओरडणार एवढ्यात मरजान पुढे म्हणाला, “पण तो कुणी भरायला सांगितला नव्हता. माझा हात चुकला.”

गदबान परत मरजानकडे वळला. “काय चुकला?”

“हात.”

“रोज शंभर पेले ओतणारा हात?”

“हो.”

“आणि नेमका आमच्या आजोबाच्या पेल्याला चुकला.” तो खोक्यावरून उठला. “का?”

शल्लाल हलला नाही. पण त्याची नजर भट्टीवरून निघून मरजानच्या चेहऱ्यावर आली आणि तिथेच थांबली. मरजानला त्या डोळ्यांत काय आहे ते वाचता येईना. बापाने मरताना याला काही सांगितले असेल का? की याला काहीच ठाऊक नाही आणि आता, इथे, परक्यासमोर, कळणार आहे?

“भ्यालो,” मरजान म्हणाला.

“कुणाला?”

“तुमच्या शेखला. एवढा मोठा माणूस जवळून कधी पाहिला नव्हता.”

हे ऐकून गदबान सुखावेल असे त्याला वाटले होते. गदबान सुखावला नाही. त्याचा चेहरा आणखी आवळला गेला. “म्हणजे अपमान नव्हताच? म्हणजे आमच्या आजोबानं जे गिळलं ते एका कॉफीवाल्याच्या थरथरत्या बोटाचं सांडलेलं? नाही, अम्मो. हे आम्ही नाही घेत. एकावन्न वर्षं आमच्या बायका बारशाला हे गातात. पेला हुकमानं भरला होता. मन्शदनं स्वतः म्हटलं होतं, मी भरायला सांगितला.”

“ते त्यांनी मला वाचवायला म्हटलं.”

“तुला?” गदबान खरोखरच हसला. “मुलाचं रक्त सोडलं, तुला वाचवायला? तुला?”

यात खोटे काय होते? मरजानने मान खाली घातली. भट्टीचा आवाज बदलला होता. कासे तयार होते. आणखी वेळ गेला तर कथील जळणार आणि ओतलेला पेला फोडासारखा खडबडीत निघणार, हे त्याला डोळे मिटूनही कळले असते.

गदबान शल्लालकडे वळला. आता त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. “आमच्या आजोबाबरोबर तीन माणसं होती. त्यातला एक, अजील, माझ्या लहानपणापर्यंत होता. तो म्हणायचा, मन्शदच्या मागे जो बसला होता त्याच्या झग्यात काहीतरी जड होतं. मांडीवर. आम्ही त्याला म्हातारचळ म्हणायचो.” त्याने एक पाऊल पुढे टाकले. “मन्शदच्या मागे कोण बसलं होतं, शल्लाल? आणि हा म्हातारा नेमका कशाला भ्याला?”

अंगणातली माणसे उठून उभी राहिली होती. मधली मोकळी जागा अरुंद झाली. जुम्मार दारात आली, तिने नवऱ्याकडे पाहिले आणि तिच्या हातातले चहाचे ताट तसेच राहिले. शल्लालचा उजवा हात मांडीवर होता. पिस्तुलापासून वीतभर.

मरजानला वाटले, आता एक शब्द. एकच. एकावन्न वर्षे जो छातीवर बसून आहे तो उठेल आणि बाहेर जाईल, आणि संध्याकाळपर्यंत पूल बंद झालेला असेल. त्याने ओठ ओले केले. “मी...”

“आखूड गाभा घाल,” शल्लाल म्हणाला.

मरजानने फळीकडे मान वळवली.

“घाल, अम्मो. भरलेला ओत.” शल्लाल उभा राहिला. त्याचा आवाज अंगणापर्यंत जाईल असा होता, आणि तो तसा जावा म्हणूनच त्याने काढला होता. “माझे आजोबा म्हणाले होते, पेला मी भरायला सांगितला. तो शब्द त्यांचा आहे. ओताऱ्याच्या हाताला मी तो देणार नाही. अपमान आमच्याकडून झाला. लिहा काशात.”

सुवैरांच्या पाच जणांपैकी एकाने शिवी हासडली. शल्लालने वळून त्याच्याकडे पाहिले आणि शिवी अर्ध्यात थांबली.

गदबान त्याच्याकडे बघत राहिला. जे मागायला तो आला होता ते हातात होते, तेही सुवैरांच्या तोंडून, सगळ्यांच्या देखत. दुसरा प्रश्न त्याच्या जिभेवर होता, दिसत होता. तो विचारला तर पहिले हातातले जाणार. त्याने दाढीवरून हात फिरवला. “अजील तसा म्हाताराच होता,” तो शेवटी म्हणाला. “स्वतःची बायकोही त्याला ओळखू यायची नाही.” आणि खोक्यावर बसला.

मरजानने फळीवरून आखूड गाभा उचलला. साच्याच्या खालच्या अर्ध्यात बसवला, फुंकर मारून सुटी वाळू उडवली, वरचा अर्धा ठेवला, वजने ठेवली. सांडशीने मूस उचलली तेव्हा त्याचे हात स्थिर होते. कासे साच्याच्या तोंडात पडले, जाड, गुळगुळीत, आवाज न करता, आणि दुसऱ्या भोकातून वर येऊन थांबले. एक थेंबही बाहेर सांडला नाही. गदबान “वा” म्हणाला आणि माणसे घेऊन बातमी सांगायला पुलाकडे निघून गेला. नगरप्रमुखाच्या कचेरीच्या दिशेने त्यांचे हसणे बराच वेळ ऐकू येत होते.

शल्लालने आपली माणसे पुढे पाठवली. स्वतः थांबला.

साचा निवायला वेळ लागला. जुम्मारने चहाचे पेले उचलले आणि ती आत गेली. मग मरजानने वजने काढली, साचा उकलला, वाळू झटकली आणि पेला सांडशीने पाण्यात धरला. वाफ गेल्यावर शल्लालने हात पुढे केला. मरजानने पेला त्याच्या तळहातावर ठेवला. अजून कोमट होता, आणि दिसतो त्याहून फार जड. काठाशी काशाची कॉफी थांबली होती, आता सांडेल अशी.

“त्या दिवशी,” शल्लाल म्हणाला, “ओतताना तू कुठं बघत होतास?”

“पेल्याकडे.”

शल्लालने पेला उजेडाकडे फिरवला. काठ पाहिला, काठाला लागून असलेला सपाट पृष्ठभाग पाहिला. पेल्याकडे बघणाऱ्या माणसाच्या हातून असा पेला भरत नाही, हे समजायला कॉफीवाला असावे लागत नाही.

“कुणी विचारलं तर हेच सांग,” तो म्हणाला.

“एकावन्न वर्षं हेच सांगत आलो.”

“एकावन्न वर्षं तू काहीच सांगितलं नाहीस.”

“तेच.”

शल्लालने पेला त्याच्या हाती परत दिला. तो दाराबाहेर पडला. त्याच्या वाहनाचा आवाज पुलाच्या उलट्या दिशेला गेला.

आतून जुम्मारने विचारले, “बोललास का रे शेवटी?”

“बोललो.”

“मग?”

“कुणी घेतलं नाही.”

त्याने पेला पकडीत आवळला. बुडाला ओतीचा दांडा चिकटलेला होता, तो कापायचा होता, कड घासायची होती, आणि गुरुवारला दोन दिवस होते. त्याने करवत घेतली.